राक्षसाच्या डोळ्यांची उंची

मावशी राक्षसाचे डोळे धरून उभी राहायची. हेच तिचं काम होतं.

काम मुलांच्या सिनेमातलं. परीकथेचे सिनेमे, अख्ख्या घराने मिळून बघायचे. त्यात माणसं खरी असतात, दगड खरे असतात, वारा पंख्याचा असतो. राक्षस, बोलके पक्षी, उडणाऱ्या किटल्या हे सगळं चित्रकार मागाहून काढतात, कागदामागून कागद. शूटिंगच्या दिवशी तिथे काहीही नसतं. मोठ्या नटाला रिकाम्या जागेकडे बघून रड म्हटलं तर तो रडतो, त्याचा तो धंदाच आहे. साडेसहा वर्षांची पोर कुठे बघणार? तिला समोर कुणीतरी लागतं.

म्हणून काठी. छताला रंग द्यायला रंगारी वापरतात तशी, एकात एक सरकणारी. टोकाला पिवळा चेंडू. चेंडू जिथे, तिथे राक्षसाचे डोळे.

काठी धरताना मावशी नखशिखान्त हिरव्या कपड्यात असायची. तोंडावरसुद्धा हिरवी जाळी. मागचा पडदाही हिरवा. पुढे हिरवं तेवढं सगळं पुसून टाकतात. पडदा जातो, काठी जाते, मावशी जाते. पोर तेवढी उरते, वर बघणारी.

"आज पण कोबी का?" तिचा नवरा रोज सकाळी विचारायचा. तो पूर्वी शाळेची बस चालवायचा, आता घरी असायचा.

"कोबीच. डबा भरलात का?"

"भरला. कोबीला डबा लागतो हे मला या वयात कळलं."

सासूबाईंना मात्र हे काम कधीच पटलं नाही. "एवढी राबतेस, मग सिनेमात दिसतेस कुठे?"

"न दिसणं हेच काम आहे, आई."

"मग घरीच राहा की. इथेही तू कुणाच्या नजरेस पडत नाहीस."

मावशी हसायची. आधी ती कपडे शिवणाऱ्या विभागात होती. अकरा वर्षांपूर्वी काठीवाला आजारी पडला म्हणून कुणीतरी तिच्या हातात काठी दिली. त्या दिवशी पोरांनी धिंगाणा घातला नाही. कारण राक्षसाची वाक्यंही तीच बोलली, आणि ती अभिनय करत नव्हती. किराण्याच्या दुकानात भाव विचारावा तशा आवाजात बोलायची. पोरं खरी खरी उत्तरं द्यायची. तेव्हापासून काठी तिची.

आणि वहीसुद्धा.

वहीचं असं होतं. त्या वर्षीच्या सिनेमातला राक्षस वाटेत उभा आहे, आणि आजवर तो कधी हसलेला नाही. एका पोरीचे बाबा वाटेच्या पलीकडे अडकले आहेत. राक्षस हसला की एका मापाने लहान होतो. पोरीने त्याला चारदा हसवायचं, की तो खिशात मावेल एवढा होतो. म्हणून मावशीच्या काठीवर पाच रंगांच्या पट्ट्या होत्या. लाल पट्टी दिसेपर्यंत काठी ओढली की चेंडू अकरा फुटांवर. हा न हसलेला राक्षस. त्याखाली निळी, साडेआठ फूट. मग पांढरी, जांभळी, काळी.

सिनेमा क्रमाने काढत नाहीत. सकाळी चौथं हसू, दुपारी पहिलं. उंची कुणाच्याही डोक्यात राहणं शक्य नव्हतं. म्हणून आदल्या दिवशी निघताना मावशी वहीत दुसऱ्या दिवशीच्या दृश्यांचे नंबर लिहायची, पुढे पट्टीचा रंग. टेक ओके झाला की बरोबरची खूण. ती वही चित्रविभागात जायची, आणि तिच्या भरवशावर चित्रकार राक्षस उभा करायचे. अकरा वर्षांत एक खूण चुकली नव्हती. "मावशीची वही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असं दिग्दर्शक चारचौघांत सांगायचे. त्यांना सगळे साहेब म्हणत.

चुकलं ते एक्केचाळीस नंबरच्या दृश्यात.

पोरीची आणि राक्षसाची ती पहिली भेट. पोर म्हणते, मला जाऊ दे. राक्षस म्हणतो, नाही. असं तीन वेळा. पुढचा सगळा सिनेमा त्या तीन वेळांवर उभा होता. राक्षस लाल पट्टीचा.

पोरीला सेटवर भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. त्या दिवशी ती ठरली होती. सकाळपासून आठ तालमी झाल्या होत्या, आठही वेळा मान वर करून. मग एक दिवा गेला. बदलायला वीस मिनिटं लागणार होती.

"मावशी, मान दुखतेय."

"खाली बघ मग थोडा वेळ."

"खाली बघितलं की आई म्हणते, दमलीस, चल घरी."

"मग जा की घरी."

"नको. राक्षस एकटा पडेल."

मावशीने काठी खाली घेतली. अगदी खाली आणली असती तर भिंगरी चेंडू ओढायला लागली असती, हे तिला माहीत होतं. म्हणून फक्त एक पट्टी. लालवरून निळीवर. अडीच फूट. पोरीची मान जरा सैल झाली. दोघी बोलत बसल्या. राक्षस आंघोळ करतो का, त्याला दात किती, तो शाळेत कुठल्या बाकावर बसायचा.

साहेबांची एक पद्धत होती. लहान मूल समोर असलं की ते "तयार" म्हणायचे नाहीत, "सुरू" म्हणायचे नाहीत. ओरडलं की मूल आखडतं. कॅमेऱ्याच्या लाल दिव्यावरही कागद चिकटवलेला असायचा. साहेब नुसता हात वर करायचे. हात दिसला की ज्याने त्याने आपापलं काम सुरू करायचं, काही झालंच नाही अशा थाटात.

दिवा बदलून झाला. भिंगरी चेंडूशी बोलत होती. साहेबांनी तिचा चेहरा बघितला आणि हात वर केला.

मावशीने हात बघितला. ती म्हणाली, "नाही."

भिंगरी दचकली. मग तिला कळलं. "माझे बाबा पलीकडे आहेत. मला जाऊ दे."

"नाही."

"मी आवाज नाही करणार. हळूच जाईन."

"नाही."

आता तिसरं वाक्य होतं. ते पोर बोललीच नाही. ती नुसती वर बघत राहिली. तिचे डोळे भरले. मग तिने कुणी न लिहिलेलं विचारलं. "तुला बाबा नाहीत का?"

 मावशीकडे एकच शब्द होता. तिने तो म्हटला, भाव विचारावा तशा आवाजात. "नाही."

भिंगरीच्या गालावरून पाणी ओघळलं. तिने ते पुसलं नाही. साहेबांचा हात खाली आला तेव्हा लाइटवालेसुद्धा नाक ओढत होते. टाळ्या झाल्या. पोरीच्या आईने तिला उचलून घेतलं. साहेब म्हणाले, "झालं. एकच टेक. असं पुन्हा होत नसतं." मावशीने एका हाताने वही उघडली, एक्केचाळीसपुढे लाल लिहिलेलंच होतं, त्याच्यापुढे खूण केली.

मग काठी मिटायला गेली. लाल पट्टी दिसत नव्हती. काठी निळ्यावर होती.

 तिने वर बघितलं. साहेब भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवत होते. पोर हुंदके देत चॉकलेट खात होती. आता सांगायचं, तर तिला पुन्हा रडवायचं. मावशीने स्वतःला हेच कारण दिलं. ते खोटं नव्हतं. पण ते पुरतंही नव्हतं. सगळे टाळ्या वाजवत होते, आणि तिला त्या बंद व्हायला नको होत्या.

उद्या सांगू, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा सुतार वाटेचे दगड फोडत होते. तिथे पुढच्या दृश्यासाठी तळं होणार होतं.

शूटिंग दोन आठवड्यांत संपलं. वही चित्रविभागात गेली. मावशी मूग गिळून बसली.

पहिला महिना तिने स्वतःला समजावलं. अडीच फूट म्हणजे काय मोठंसं. कॅमेरा जवळ होता, चेहरा तेवढा दिसतो, कोण फूटपट्टी घेऊन बसणार आहे? दुसऱ्या महिन्यात तिला भलतंच दिसायला लागलं. बसमध्ये एक बाई नवऱ्याशी बोलताना त्याच्या कॉलरकडे बघत होती. भाजीवाला गिऱ्हाइकाच्या पिशवीकडे बघून बोलायचा. बँकेतली मुलगी कुणाकडेच बघत नव्हती. मावशी प्रत्येकाची नजर मोजायची. ही दोन बोटं खाली. ही वीतभर वर. घरी नवरा काही सांगायला लागला की ती त्याच्या कपाळाकडे बघायची.

"माझ्या डोक्यावर काय पाहतेस? उरलेत ते मोजतेस का?"

"कुठे काय."

"जेवत नाहीस धड. हाक मारली की दचकतेस. कोबीला कीड लागली वाटतं."

तिने त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, जाऊन सांग, सुटशील. म्हणूनच सांगितलं नाही.

चौथ्या महिन्यात फोन आला. चित्रविभागाचे मास्तर होते. "मावशी, मंगळवारी जरा येता का? एक्केचाळीस नंबरचं काहीतरी विचारायचंय."

फोन ठेवल्यावर तिने भांडी घासायला घेतली. घासलेली भांडी पुन्हा घासली.

चित्रविभाग चौथ्या मजल्यावर होता. लांब खोली, ओळीने टेबलं, प्रत्येक टेबलात खालून दिवा लावलेली काच. काचेवर कागद, कागदावर कागद, म्हणजे खालचं चित्र वर दिसतं आणि पुढचं काढता येतं. प्रत्येक टेबलावर एक छोटा आरसा. चित्रकार त्यात स्वतः तोंडं वेडावतात आणि ती तोंडं राक्षसाला देतात. मावशी आली तेव्हा एक दाढीवाला माणूस आरशात बघून मन लावून ओठ काढत होता.

मास्तर साठीचे. चष्मा कपाळावर, तोंडाने तिखट. त्यांच्या शेजारी एक मुलगी उभी होती, पंचवीस-सव्वीसची. तिला सगळे खोडरबर म्हणायचे. काढते त्यापेक्षा जास्त खोडते म्हणून. तिच्या उजव्या तळहाताची कड शिशाने काळी पडली होती. डोळे सुजलेले.

"बसा मावशी. हे बघा."

मास्तरांनी स्क्रीन सुरू केला. भिंगरी दिसली. खरी भिंगरी, खरं रडू. तिच्यासमोर पेन्सिलीच्या रेषांचा राक्षस. मोठा, खांदे पडलेला, लांब कोट. त्याचा चेहरा बघून कुणालाही वाटलं असतं, याला कुणीतरी जेवायला वाढा. भिंगरी म्हणाली, मला जाऊ दे. ती त्याच्या कोटाच्या तिसऱ्या बटणाकडे बघून म्हणाली.

"बटणाशी बोलतेय," मास्तर म्हणाले. "आमची पोर इतकी रडते, आणि कुणाजवळ? बटणाजवळ. हा बाविसावा प्रयत्न आहे. आधी डोळे खाली पाडून बघितले, तर राक्षस पेंगायला लागला. मग मान खाली घातली, तर चोरी केल्यासारखा दिसतो. शेजारी झाड आहे, त्यामुळे बुटका करता येत नाही. बरोबर?"

खोडरबरने मान हलवली.

"हिला मी पहिल्यांदाच एवढं मोठं दृश्य दिलं. चार महिने झाले. ही म्हणते, मास्तर, माझा हिशेब बरोबर आहे. मी म्हणतो, मग पोर बटणाशी का बोलते? आता तुम्हीच सांगा. वहीत एक्केचाळीसला काय आहे?"

 वही समोरच होती, पान उघडलेलं.

"लाल आहे वहीत," ती म्हणाली.

वाक्य खरं होतं. ते तिच्याच तोंडातून आलं याचं तिला नवल वाटलं.

"ऐकलंस?" मास्तर खोडरबरकडे वळले. "मावशीची वही अकरा वर्षांत चुकलेली नाही. तुझी नजरच अजून बसलेली नाही, बाई. वाईट वाटून घेऊ नकोस. सोमवारपासून हे दृश्य दाढीवाल्याकडे. तू मागची गवतं काढ."

"बरं," खोडरबर म्हणाली. आणि तिने कागद गोळा करायला सुरुवात केली. एकावर एक, कडा जुळवून, फार काळजीपूर्वक.

मावशी "येते" म्हणून निघाली. जिना उतरली. चौथा मजला, तिसरा, दुसरा.  खाली रस्त्यावर आली. बस आली. दार उघडलं. आत जागाही होती.

"बाई, चढताय ना?" कंडक्टर म्हणाला.

ती चढली नाही. बस गेली. ती तिथेच उभी राहिली, हातातली पिशवी छातीशी धरून. वरच्या मजल्यावर ती पोरगी कडा जुळवत असेल. चार महिने तिने आरशात बघितलं असेल आणि स्वतःचे डोळे तपासले असतील. बाविसाव्या वेळीही तिने हिशेब बरोबर आहे असंच म्हटलं होतं. आणि तो बरोबरच होता.

मावशी पुन्हा चार मजले चढली. दारात पोचली तेव्हा तिला धाप लागली होती.

"काय हो, छत्री विसरलात?" मास्तर म्हणाले.

"काठी निळ्यावर होती."

"काय?"

"एक्केचाळीसला. वहीत लाल आहे, ते मी आदल्या दिवशी लिहिलं होतं. काठी निळ्यावर होती. पोरीची मान दुखत होती म्हणून मी खाली घेतली. साहेबांनी हात वर केला आणि मी तशीच बोलत सुटले." ती भिंतीला टेकली. "हिचं काही चुकलेलं नाही."

दाढीवाल्याने ओठ आत घेतले.  मास्तरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला आणि मावशीकडे बघितलं.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"त्याच मिनिटाला."

"चार महिने..." मास्तर एवढंच म्हणाले. मग त्यांनी फोन उचलला आणि साहेबांना बोलावलं.

साहेब येईपर्यंत अर्धा तास गेला. तोवर मावशी स्टुलावर बसून होती. तिला कुणी पाणी विचारलं नाही आणि कुणी जा म्हटलं नाही. खोडरबर आपल्या टेबलाशी पाठ करून उभी होती. एकदाच वळली.

"मला वाटलं होतं, मी आंधळी झाले," ती म्हणाली. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. दोनदा."



साहेब आले. उभ्यानेच ऐकलं. ते ओरडतील असं मावशीला वाटत होतं. ते ओरडले नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं.

"परत शूटिंग?" मास्तरांनी विचारलं.

"कसलं शूटिंग. परवा भिंगरीच्या आईने तिचा फोटो पाठवलाय. पुढचे दोन दात नाहीत, आणि चार बोटं उंच झालीय. सेट मोडला. आणि ते रडू कुठून आणू? काढून टाका दृश्य."

"साहेब, ती पहिली भेट आहे," मास्तर म्हणाले. "ती काढली तर मग उरतं काय?"

"मला माहीत आहे काय उरतं!"

 मावशीला वाटलं, आपण इथे नसतो तर बरं. पण अंगात हिरवं काही नव्हतं.

"साडेआठ फूट," खोडरबर अचानक म्हणाली. ती मास्तरांशी बोलत होती, की स्वतःशी, कळत नव्हतं. "डोळे साडेआठवर पाहिजेत आणि बुटका करायचा नाही. मग गुडघा टेकवू दे त्याला. एक गुडघा टेकला की बरोबर तेवढाच खाली येतो. आधीच्या लांबच्या दृश्यात पोरीची पाठ आहे, तिची नजर दिसतच नाही. तिथे त्याला खाली बसवते. पुढे जवळून दाखवलं की तो बसलेलाच असेल."

"माझा राक्षस कुणासमोर गुडघे टेकत नाही," साहेब म्हणाले. "हसेपर्यंत तो तसूभर वाकत नाही. तीच तर गोष्ट आहे."

"पण तो नाहीच म्हणतोय, साहेब. खाली बसून नाही म्हणतोय."

"खाली बसून नाही कोण म्हणतं?"

"मी म्हटलं होतं," मावशी म्हणाली.

तिला बोलायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. साहेब तिच्याकडे वळले. ते आल्यापासून पहिल्यांदाच.

"काठी मी खाली घेतली होती," ती म्हणाली. "आणि दर वेळी नाही म्हटलं. तुमच्यासमोरच."

साहेबांनी स्क्रीनकडे बघितलं. भिंगरी तिथे थांबलेली होती, बटणाकडे बघत.

"गुरुवारी दाखवा," ते म्हणाले. "पेन्सिलीतच दाखवा. पटलं नाही तर दृश्य गेलं." आणि ते निघून गेले.

मावशीही उठली. "थांबा," खोडरबर म्हणाली. आवाजात गोडवा नव्हता. "तुम्ही कुठे निघालात? इथे या. मध्ये उभ्या राहा."

"मी?"

"इथले सगळे तिशीच्या आतले. टुणकन बसतात. मला जड माणूस पाहिजे. बसा खाली. एक गुडघा."

मावशीने पदर खोचला आणि बसली.

"असं नाही. तुम्ही फरशी पुसायला बसल्यासारख्या बसलात. आयुष्यात कधी खाली बसला नाही असा माणूस कसा बसेल? त्याला माहीतच नाही जमीन किती खाली आहे. परत."

मावशी उठली. पुन्हा बसायला लागली. अर्ध्यावर तिचा तोल गेला, हाताने आधार शोधला, तिथे काही नव्हतं. हात हवेत तसाच राहिला. मग गुडघा टेकला. वेदना थेट कमरेपर्यंत गेली.

"हे," खोडरबर म्हणाली आणि काढायला लागली. "हलू नका. तो हात तसाच ठेवा."

दाढीवाला टेबल सोडून बघायला आला. "मावशी, राक्षस थोडा रागीट पाहिजे हं. तुम्ही हरवल्यासारख्या दिसताय."

"तू ओठ काढ," मास्तर म्हणाले.

मंगळवारी ती सतरा वेळा बसली. बुधवारी नऊ वेळा. बुधवारी नवऱ्याने तिला घराच्या जिन्यात आधार दिला आणि तिने त्याला सगळं सांगितलं, एकेका पायरीवर थांबत. तो कधी नव्हे तो काही गमतीचं बोलला नाही. "गुडघ्याला शेक दे," म्हणाला. दार उघडताना पुढे म्हणाला, "गुरुवारी मी येऊ का बरोबर?"

"नको. तुमच्यासमोर नको."

गुरुवारी साहेब वेळेवर आले. खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसले. मावशी मागे दाराजवळ उभी राहिली. तिथून तिला स्क्रीन अर्धवट दिसत होता. पुढे जायची हिंमत नव्हती.

राक्षस खाली बसला. अर्ध्यावर डगमगला, हात हवेत गेला, कुणाचाच आधार मिळाला नाही, आणि त्याने गुडघा टेकला. जवळून भिंगरी दिसली. माझे बाबा पलीकडे आहेत. ती त्याच्या डोळ्यांत बघत होती.

तुला बाबा नाहीत का?

नाही.

चित्र संपलं. साहेब म्हणाले, "परत." पुन्हा लावलं. "परत." तिसऱ्यांदा लावलं. खोडरबर नखं खात होती. मावशीने डोळे मिटून घेतले होते.

"पूर्ण कर," साहेब खोडरबरला म्हणाले. "दाढीवाल्याला देऊ नका मास्तर, हिलाच करू दे." मग ते उठले. दाराशी येऊन थांबले. मावशीने डोळे उघडले. त्यांनी हात पुढे केला. टाळी द्यायला नव्हे.

"वही."

वही मास्तरांच्या टेबलावर होती. मावशीने जाऊन आणली. 

"काठी तुमच्याकडेच राहील," ते म्हणाले. "मुलं तुमच्याशीच बोलतात. पण उंची आता दुसरं कुणी लिहील. प्रत्येक टेकच्या आधी काठी बघून." त्यांनी एक्केचाळीसचं पान काढलं आणि त्या खुणेवर बोट ठेवलं. "हे तसंच ठेवायचं का?"

मावशीने मास्तरांच्या खिशातलं पेन मागून घेतलं. लाल शब्दावर एक आडवी रेघ मारली. खूण खोडली. बाजूला लिहिलं, निळी. खाली लिहिलं, मी चार महिने सांगितलं नाही. तिथे सही केली आणि त्या गुरुवारची तारीख घातली.

साहेबांनी वाचलं. वही मिटली, काखेत धरली आणि जिना उतरून गेले.